शनिवारचं पाणी

पाणी तिवरांत

प्रणितचा फोन आला तेव्हा पाणी अजून तिवरांच्या मुळांत चाचपडत होतं.

"काकी, ट्रेलर पळस्प्याहून सुटला. क्रेन मागून येतेय. आजोबांना जरा नीट कपडे घाल ना, व्हिडिओ करायचाय."

"घालते," संजना म्हणाली आणि फोन कमरेला खोचला.

तिचे सासरे कमळाकर होडीच्या सावलीत उघड्या अंगानं बसले होते. गुडघ्यावर बादली, बादलीत खाडीचं पाणी.

"मामा, प्रणित म्हणतो कपडे घाला."

"लगीन हाय का कोनाचं?"

"होडीचं."

"नवरा कोन?"

"हॉटेल."

म्हातारा खो खो हसला. मग एकदम थांबला आणि बादलीतलं पाणी त्यानं होडीच्या पोटावर फेकलं.

आज श्रावणातली अमावस्या होती. वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एक. दुपारी भरती पुरी चढली की पाणी होडीखालच्या ओंडक्यांपर्यंत येणार होतं, आलंच तर. त्या पाण्यावर ती तरली तर तरली. नाहीतर ट्रेलरवर चढून पळस्प्याच्या नाक्यावर प्रणितच्या नव्या हॉटेलासमोर सिमेंटच्या चौथऱ्यावर बसणार होती, आणि गोव्याला निघालेली माणसं तिच्या पोटात बसून चिंबोऱ्या फोडणार होती. जिथं बायका बाळंत झाल्या, त्याच जागी.

सुभाष गेला त्या पावसाळ्यापासून ती काठावर होती. सुभाष म्हणजे संजनाचा नवरा, होडीचा शेवटचा तांडेल. तो सुकाणूवर, ती आत दवाखान्याच्या सुया उकळत. दोघांचा संसार घरात कमी आणि त्या होडीत जास्त झाला होता.

गेले दोन महिने म्हातारा रोज होडीवर पाणी ओतत होता. कोळीवाड्यात सगळ्यांनी ठरवलं, कमळाकर नाखवा गेला कामातून, होडीला आंघोळ घालतो. संजनाचा दीर गुरुदत्त, प्रणितचा बाप, तर म्हाताऱ्याला डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायला निघाला होता. संजना कुणाला काही बोलली नाही, कारण दर रविवारी फटींत कापूस ठासून वर राळ फासायला तीच बसत होती. वाळलेली होडी एकदम पाण्यात घातली तर चाळणी होते. रुसलेल्या माणसाशी बोलावं तसं तिच्याशी रोज थोडं थोडं बोलावं लागतं.

होडीची गोष्ट, कमळाकर सांगतात तशी

आधी ती कौलं वाहायची. कौलं, भात, मीठ. पनवेल बंदरातून भरून मुंबईला. मग खाडीवर पूल झाले, ट्रक आले, आणि बंदरात होड्यांपेक्षा म्हशी जास्त दिसायला लागल्या. कमळाकर तेव्हा मिसरूड फुटलेला पोर. एक दिवस पांढऱ्या पातळातली एक बाई हातात चामड्याची पेटी घेऊन चिखल तुडवत आली. डॉक्टर रिबका नवगावकर. इस्रायल तळ्याच्या बाजूला राहायच्या त्या. होडीला एक फेरी मारली आणि कमळाकरच्या बापाला विचारलं, "ह्यात आडवा माणूस मावेल का?"

बाप म्हणाला, "बाई, हिच्यात भाताच्या गोनी मावतात."

"गोणीला कळा येत नाहीत. फार हलते का?"

(हौसाआत्या म्हणते, खोटं. हौसा ही कमळाकरची धाकटी बहीण, मच्छीबाजारात जिच्याशी घासाघीस करायला पोलीसही कचरतो. ती म्हणते, बाई चिखल तुडवत आल्याच नाहीत. त्यांची चप्पल चिखलात रुतली आणि त्या एका पायावर बगळ्यासारख्या उभ्या राहिल्या. चप्पल काढून दिली ती हौसानं. त्यावर कमळाकर म्हणतात, तू तेव्हा पाळण्यात होतीस. त्यावर हौसा म्हणते,)

तर होडी दवाखाना झाली. मधल्या फळ्या काढून खाट बसवली, छपराला कंदील, मागं पाण्याचं पिंप. बाजूवर रंगवलेलं नाव 'भवानीप्रसाद', पण त्या नावानं तिला कुणी हाक मारली नाही. घारापुरीला ती 'बाईची होडी', रेवसला पोरं तिला 'सुईची होडी' म्हणून पळत सुटायची, खारांच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनींच्या, बांधांवर नुसतं 'ती आली'. बांधावर कुणाला जास्त झालं तर बांबूला लुगडं बांधून उभं करायचं. लुगडं दिसलं की होडी वळायची. दात, साप, खरूज, ताप, आणि बाळंतपणं. शनिवार सोडून रोज.

शनिवारी ती हलायची नाही. का, ते कुणी विचारलं नाही. नाखव्याच्या घरात होडीला प्रश्न विचारत नाहीत.

पाणी पायऱ्यांना

गुरुदत्त गाडीतून उतरला तो पांढऱ्या सदऱ्यात, हातात नारळ आणि हार. मागून संजनाची मुलगी पूर्वी उतरली. तिची डॉक्टरकी याच वर्षी पुरी झाली होती. नवीन पनवेलात काकानं तिच्यासाठी गाळा बघून ठेवला होता, बाहेर बोर्ड लावायला खिळेसुद्धा ठोकून झाले होते.

"वहिनी, पूजेचं ताट?"

"आहे आत्यांकडे."

"मग तुझं तोंड असं का?"

संजनानं त्याच्याकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता. सुभाषच्या आजारपणात रात्रंदिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होता. पण त्याच्या डोळ्यांना जमीन म्हणजे जमीन आणि पाणी म्हणजे अजून न झालेली जमीन दिसायची.

"भाऊजी, होडी मी आज पाण्यात घालणार आहे."

तो आधी हसला. मग त्यानं बापाकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, फळ्यांच्या फटींत चमकणारी ताजी राळ पाहिली, आणि हसू चेहऱ्यावरच वाळलं.

"तुम्ही दोघांनी मिळून...?"

"दोघांनी."

"वहिनी, बाबांनी प्रणितला शब्द दिलाय. नाखव्याचा शब्द आहे. आणि पाणी इथवर येणारच नाही. सगळ्यात मोठ्या उधाणाची रेघ बघून बाबांनीच ठेवलीय ती. तिथवर पाणी वर्षानुवर्षं गेलेलं नाही."

"समोर भराव कुणी टाकला?"

"कोणी म्हणजे? मी टाकला. परवानगी घेऊन टाकला."

"मग पाण्यानं बसायचं कुठं? गेल्या उधाणाला ते तुमच्या नव्या भिंतीच्या पायाला लागलं. इकडं सरकलंय ते. तुमचे उपकारच आहेत, भाऊजी. तुम्ही नसता तर मला क्रेन लागली असती."

पूर्वीला हसू आलं. काकानं पाहिल्यावर तिनं ते गिळलं.

"बरं, तरली. तरून करणार काय?" गुरुदत्तनं आवाज खाली आणला. भांडणात तो आवाज चढवत नसे, उतरवत असे. म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड. "रस्ते झालेत. पूल झालेत. फोन केला की गाडी येते. होडीतला दवाखाना म्हणजे लोक हसतील गं. दादा असता तर तोही म्हणाला असता, पुरे आता."

"नव्या खाराच्या बांधावर कुठला रस्ता आहे?"

"जासईपर्यंत तर..."

"जासईला गाडी कंटेनरांच्या रांगेत उभी राहते. सुटली तर खाराच्या तोंडाशी येते. पुढं चिखल. साळूला गेल्या पावसात कशी आणली माहितीये? झोपडीचं दार काढून, त्याच्यावर घालून. चार गडी मांड्यांपर्यंत चिखलात. साळू वाचली. पोर नाही वाचलं." संजनाचा आवाजही आता उतरला होता. "आता पुन्हा दिवस आहेत तिला."

 गुरुदत्त म्हणाला, आणि मनापासून म्हणाला, "तिला इकडं आण. माझ्या साईटवर खोली देतो. बाळंत होईपर्यंत राहू दे."

"आणि तिच्या मागच्या दोन पोरांना? नवऱ्यानं धरलेल्या चिंबोऱ्या कोण विकेल? आणि खोली एका साळूला देताय तुम्ही. सगळा बांध कातकऱ्यांनी भरलाय. भट्टीचं काम संपलं की येतात, मिठाचं काम संपलं की जातात. त्यांच्या जाण्यायेण्याला रस्ता कोण बांधणार? खाडी तर आधीपासून आहे."

"आई," पूर्वी म्हणाली, "डॉक्टर कोण असणार होडीत?"

"मिळेल."

"मला विचारलंस?"

"नाही."

"का?"

"तू नाही म्हणशील म्हणून."

 पूर्वी काकाच्या बाजूला जाऊन उभी राहिली, त्याच्या छत्रीखाली. पाऊस नव्हता, ऊन होतं. तरीही संजनाला ते दिसलं आणि लागलं.

पाणी ओंडक्यांना

ट्रेलर आला. रस्त्यापासून काठापर्यंतच्या बोळात तो तीनदा अडकला, कुणाची तरी मोरी फुटली, कोळीवाड्यातल्या बायका शिव्या देत बाहेर आल्या आणि मग तमाशा बघायला थांबल्या. प्रणित उडी मारून उतरला. हातात मोबाइल काठीवर लावलेला, अंगात हॉटेलचं नाव छापलेला टी-शर्ट. 'दवाखाना: द सीफूड बोट'.

"आजोबा! रेडी? वन लास्ट टाइम होडीवर हात ठेवा, असं, हां, इमोशनल."

कमळाकरांनी हात ठेवला नाही.

"प्रणित," संजना म्हणाली, "होडी जात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ट्रेलर परत ने."

"काकी, जोक करतेस ना? क्रेन बुक आहे. इनॉगरेशन गणपतीत आहे, कार्ड वाटून झालीत." त्यानं बापाकडे पाहिलं, बापानं खांदे उडवले. मग तो पूर्वीकडे वळला. लहानपणापासून दोघं एका ताटातली. "तू सांग ना हिला. कन्सेप्ट सांग. वेटर लोक पांढऱ्या कोटात. मेन्यू कार्ड म्हणजे केस पेपर. मधल्या खाटेच्या जागी सहा जणांचं टेबल, नाव काय ठेवलंय माहितीये? ऑपरेशन टेबल! लोक वेडे होतील. आणि तू ओपनिंगला कोट घालून, स्टेथोस्कोप लावून ये. रियल डॉक्टर, या घरातली. फोटो काय येतील!"

पूर्वी छत्रीखालून बाहेर आली.

"त्या खाटेवर कोण कोण गेलंय ते विचारलंस कधी आजोबांना?"

"म्हणून तर! हिस्टरी आहे ना. हिस्टरी विकली जाते."

"जल्ला तुजा हॉटेल," हौसाआत्या मागून म्हणाली. बाजार उरकून ती नुकतीच आली होती, पाटी अजून डोक्यावर. "मानसं मेलीत त्या जागंवर, आन तू तिथं कोलंबी वाढतंस? तुज्या आयशीनं तुना काय शिकवला रं?"

"आत्याआजी, जन्मली पण आहेत ना माणसं."

"मंग त्यांचा बारसा कर तिथं. खेकडं कनाला फोडतंस?"

बायकांमध्ये हशा पिकला. प्रणितचे कान लाल झाले. तो आजोबांकडे वळला आणि पहिल्यांदाच त्यानं मोबाइल खाली केला. "आजोबा, तुम्ही शब्द दिला होता. मी जबरदस्ती नव्हती केली."

 कमळाकरांनी आयुष्यात शब्द फिरवला नव्हता. बंदरात लोक त्यांच्या बोलण्यावर जाळी उधार द्यायचे. संजनानं त्यांच्याकडे बघायचं टाळलं. हा एक दोर तिला कापता येणार नव्हता.

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला.

"दिला व्हता. तू बोलला, आजा, लोकांना दिसंल अशी ठेवतो. मी बोललो, ठेव. आता मागं घेतो."

"असं कसं मागे घेता?"

"असा. तोंडानं. कमळाकर नाखवा लबाड निघाला, बोल जाऊन नाक्यावर. बोर्ड लाव. मना लाज वाटंल ती वाटंल. मी सोसीन."

गुरुदत्तनं हातातला नारळ गाडीच्या टपावर ठेवला. तो घरंगळला आणि पडला. कुणी उचलला नाही. पाणी ओंडक्यांना लागलं होतं.

शनिवार

आता सगळं जुळलं, असं संजनाला वाटलं. कोळीवाड्यातल्या परेशला हाक मारायची, त्याच्या इंजिनाच्या होडीनं दोर ओढायचा, मागून बायकांनी खांदा द्यायचा. परेश खाडीत इंजिन बंद करून वाटच बघत होता. तिनं पदर खोचला आणि होडीच्या पुढच्या टोकाशी, नाळेपाशी गेली, तर नाळेसमोर हौसाआत्या उभी.

"आज नाय, बाय."

"आत्या?"

"मी काय त्यांच्या बाजूची नाय. ट्रेलरच्या टायरात हवा नाय ठेवनार मी. पन आज शनवार हाय. शनवारची ही पान्यात जायाची नाय. माजा बापूस व्हता तवापासून नाय गेली. सुभाष पन नाय न्यायचा. खोटा बोलतंय का मी?"

खोटं नव्हतं. बायकांमध्ये कुजबुज झाली, दोघीतिघी मागं सरकल्या. गुरुदत्तनं मान वर केली.

"म्हणूनच शनिवार धरला मी," तो हळू म्हणाला. "शनिवारी ती पाण्यात जात नाही. रस्त्यावरून जायला हरकत नाही."

"आणि आज तर शनिअमावस्या," प्रणित म्हणाला. "शनीच्या देवळाबाहेर लाइन बघा. आत्याआजी करेक्ट आहे. आज काही नवीन सुरू करत नसतात." ट्रेलर आणि क्रेन त्यात बसत नव्हते, पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

"शनीचा काय संबंध?" कमळाकर म्हणाले.

"मंग कोनाचा?" हौसा तडकली. "शनवार मारुतीचा, शनीचा. मी दर शनवारी तेल घालतंय होडीच्या नावानं. पोरगी व्हते तवापासून!"

"कोन बोलला तुना घालाला?"

"कोन कशाला बोलाया पायजे?"

"बाईंचा शनवार हाय तो. रिबकाबाईंचा. त्यांचे यहुदी लोकं शनवारी काम नाय करीत. चूल नाय, गाडी नाय, होडी नाय. शुक्करवारी सांजच्याला दिवा लावायच्या आन गप बसायच्या. म्हनून होडी बांधून ठेवायचो. त्या इस्रायलला गेल्या, शनवार रायला."

हौसाआत्यानं पाटी डोक्यावरून उतरवली. फार हळू, जणू त्यात काही फुटेल.

"येवढी वर्सं... मारुतीला?"

"पावला असंल तो पन. त्याचा काय जातंय?"

पहिल्यांदा पूर्वी हसली, मग बायका, मग हौसाच. पदरात तोंड घालून ती हसली, आणि डोळे पुसून पुन्हा नाळेसमोर उभी राहिली. "तरीपन नाय. मारुतीचा असता तर मी हाता-पाया पडून घेतला असता, तो आपला हाय. बाईंचा कसा मोडू? त्यांनी मना हातात कात्री दिली, नाळ कापाला शिकवला. त्यांचा येक शनवार आमाला ठेवता नाय येत?"

हे संजनाच्या ध्यानात आलंच नव्हतं. प्रणितशी भांडायची तयारी तिनं केली होती, गुरुदत्तशी केली होती. या बाईशी, जिच्या शेजारी बसून ती स्वतः पहिलं बाळंतपण करायला शिकली, तिच्याशी नव्हती.

"त्यांनीच मोडला व्हता," कमळाकर म्हणाले.

"कवा?"

"लय येळा. तू न्हानी व्हतीस तवा. बांधावर लुगडा दिसला का आमच्या आदी होडीत बसलेल्या असायच्या. मी येकदा बोललो, बाई, आज शनवार. तर बोलल्या, जीव जात असेल तर शनिवार नसतो, आमच्या धर्मातच आहे तसं. चल, दोर सोड."

हौसा विचारात पडली. पाणी होडीच्या पोटाखाली शिरून आवाज करत होतं. मग तिनं संजनाकडे पाहिलं, सरळ, बाजारात माशाच्या डोळ्यात बघावं तसं.

"बरा. मंग सांग. आज कोनाचा जीव जातोय? साळूला कळा लागल्यात?"

एक शब्द पुरे होता. हो म्हटलं असतं तर हौसा बाजूला झाली असती, बायकांनी खांदे लावले असते, गुरुदत्तनंही वाट सोडली असती. प्रणितनं तर व्हिडिओ काढला असता. संजनाच्या जिभेवर तो शब्द आला. तिनं तो तिथंच ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "कुणाला कळा नाहीत. साळूला वेळ आहे. ती आत्ता चिंबोऱ्या निवडत बसली असेल."

"मंग?"

"म्हणून तर जायचं. आत्या, इतकी वर्षं आपण कुणी मरायला टेकलं की गेलो. लुगडं दिसलं की वळलो. दार काढून माणूस आणला की हळहळलो. एकदा तरी कुणी मरत नसताना जाऊ द्या ना मला. नुसती तिच्या पोटाला हात लावून येते. बीपी बघते. पोरांना गोळ्या देते. बाईंचा शनिवार मोडतेय, मला माहितीये. मेल्यानंतर भेटल्या तर मी सांगेन त्यांना, मी मोडला, हौसानं नाही."

 ट्रेलरच्या ड्रायव्हरनं विडी पेटवली.

हौसाआत्या वाकली. होडीच्या पुढच्या ओंडक्याखाली लाकडी पाचर ठोकलेली होती. तिनं ती दोन्ही हातांनी हलवली, निघेना, मग टाच मारली.

"तू कनाला सांगशील? माजी त्यांच्याशी तुज्यापेक्षा जास्त वळख हाय." पाचर निघाली. "मी सांगन."

पाणी नाळेला

"वहिनी, मी सोडणार नाही," गुरुदत्त म्हणाला. तो होडी आणि स्वतःच्या नव्या भिंतीच्या मधे येऊन उभा राहिला, कडक इस्त्रीच्या पँटीत, पोटऱ्यांपर्यंत पाण्यात. "बुडाली तर? तुझं काही झालं तर मी हिला काय सांगू?" त्यानं पूर्वीकडे बोट केलं, पण पूर्वी तिथं नव्हती. ती होडीत होती. कधी चढली, कुणाला दिसलं नाही. चपला तेवढ्या काठावर, मिटलेल्या छत्रीशेजारी राहिल्या होत्या.

"पूर्वी, उतर!"

"काका, गाळ्याचं नंतर बोलू."

"नंतर कधी?"

"सोमवारी. सोमवारी ओपीडी नाही ठेवत आपण." आईकडे न बघता ती म्हणाली. "की ठेवतो, आई?"

संजनानं परेशला हात केला. परेशनं दोर ताणला. बायका मागं जमल्या, ट्रेलरचे दोन क्लीनरही, कारण ओढायचं काम दिसलं की उभं राहवत नाही. कमळाकर सुकाणूपाशी चढले. त्यांना कुणी हात दिला तर ते शिवी देत.

होडी हलली नाही.

पुन्हा जोर झाला. मागची बाजू उचलली, पाण्यानं तिला हातात घेतलं, आणि ती हळूच, म्हशीसारखी आळसावून, आडवी व्हायला लागली. भिंतीकडे. सिमेंटच्या कोपऱ्याकडे. एक टोला बसला असता तर त्या बाजूच्या फळ्या पापडासारख्या गेल्या असत्या.

"भाऊजी, बाजूला व्हा!" संजना किंचाळली.

गुरुदत्तनं होडी अंगावर येताना पाहिली. बाजूला व्हायला जागा होती. पण नाखव्याचा पोर, अंगावर होडी आली की बाजूला होणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यानं वळून भिंतीला पाठ टेकली, खांदा होडीच्या पोटाला लावला, मान खाली घातली आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "हैय्याऽ रं! लावा जोर!"

त्या हाळीला न ऐकण्याची सोय कोळीवाड्यात कुणाला नाही. काठावर बघत उभा असलेला माणूसन् माणूस पाण्यात उतरला. प्रणितसुद्धा. मोबाइल दातात धरून.

"हैय्याऽ!"

"हैय्याऽ!"

होडी भिंतीपासून सुटली, ओंडक्यांवरून सुटली, आणि तिच्या खाली पहिल्यांदा काहीच उरलं नाही, पाण्याशिवाय.

गुरुदत्त छातीभर पाण्यात उभा होता. सदऱ्यावर राळेचा काळा पट्टा. आपण काय केलं हे त्याला जरा उशिरानं कळलं. त्यानं हातांकडे पाहिलं, मग काठावरच्या रिकाम्या ओंडक्यांकडे. प्रणित त्याच्या मागं काठाच्या चिखलात आपटून बसला होता.

"पप्पा, तुम्ही पण?"

"गप बस."

संजना शेवटच्या क्षणी कठड्याला लोंबकळून आत पडली. हौसाआत्या आधीच आत होती, पाटीसकट, खाटेच्या जागी ऐसपैस बसून कमळाकरला सुकाणू कसं धरायचं ते सांगत. परेशच्या इंजिनाचा धूर मागं आला. तिवरं सरकायला लागली. 

"आई," आतून पूर्वीचा आवाज आला, "पाणी येतंय. खालून. बरंच येतंय."

संजनानं वाकून पाहिलं. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी पाझरत नव्हतं, वाहत होतं. तिचे घोटे बुडाले. कापूस ठासलेली एक फट तिच्या डोळ्यांसमोर उघडली.

"मामा!"

"येव दे," कमळाकर मागं न बघता म्हणाले. "लाकूड पितंय. लय दिवसांचा तहानलेला हाय. पोट भरला का थांबंल."

"आणि नाही थांबलं तर?"

"तर पवाला येतंय ना तुना?"

काठाजवळून गुरुदत्त ओरडत होता. तो पाण्यातून बाहेर आलाच नव्हता. खाडीच्या वळणापर्यंत तो काठाकाठानं चिखलात चालत होता. "वहिनीऽ, आता ओहोटी लागेल! ओंडक्यांवर परत कशी आणणार? पुढच्या उधाणापर्यंत पाणी नाही चढायचं! परत कशी आणणार तिला?"

संजना कठड्याशी गेली. दोन्ही हात तोंडाभोवती धरले. इतक्या मोठ्यानं ती सुभाष गेला तेव्हाही ओरडली नव्हती.

"परत कोण आणतंय, भाऊजी!"

तिकडून काही उत्तर आलं असेल. इंजिनात ऐकू आलं नाही. हौसाआत्यानं पाटीतले उरलेले बोंबील फळीवर ओतले आणि पाटी संजनाकडे भिरकावली. पूर्वीनं कुठून तरी पिंपाचं झाकण शोधलं होतं, ते भरून ती पाणी बाहेर फेकत होती, चुकीच्या बाजूनं, वाऱ्याच्या तोंडावर, सगळं अंगावर घेत.

"ह्या बाजूनं," संजना म्हणाली, आणि तिच्या शेजारी गुडघे टेकून उपसायला लागली.